हाताची स्मृती : वार्धक्यातील स्मृतिभ्रंश, हस्तव्यवसाय आणि बुलढाणा जिल्हा

वार्धक्यात मनुष्याची स्मृती ढासळू लागली म्हणजे त्या अवस्थेला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. वैद्यकाने स्वीकारलेला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द जुना असला तरी त्याचा आजचा अर्थ जुना नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो तो क्रोध आणि संमोह यांच्या परंपरेत; तेथे विवेक सुटण्याची एक पायरी एवढाच त्याचा अर्थ. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशाचा विचार आहे, पण तोही प्रज्ञापराधाच्या संदर्भात. दोन्ही ठिकाणी वय हा मुद्दा नाही. म्हाताऱ्या माणसाच्या विसराळूपणाला लोकभाषेने जे शब्द दिले ते निराळेच. 'म्हातारचळ' हा त्यांतला सर्वांत प्रचलित शब्द. आणि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर सर्वतोमुखी आहे.

या दोन प्रयोगांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. 'चळ' म्हणजे भलतीच लहर. चळ लागलेला मनुष्य दोषी ठरतो, कारण तो करू नये ते करतो. उलट 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीत दोष कोणाचाच नाही. वय झाले, बुद्धी गेली, त्यात नवल ते काय, असा तिचा भाव. पहिल्या शब्दाने म्हाताऱ्याला रागवावे, दुसऱ्याने त्याला सोडून द्यावे. करण्यासारखे काही आहे, असे दोहोंपैकी एकही प्रयोग सुचवीत नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात जरेचे जे विस्तृत वर्णन आहे त्यात शरीराच्या विटंबनेइतकीच घरच्या माणसांची उपेक्षाही आली आहे. पण ते वर्णन वैराग्याच्या उपदेशासाठी आहे, शुश्रूषेसाठी नाही, हे विसरता कामा नये.

पाश्चात्त्य वैद्यक या बाबतीत फार पुढे होते असे मानण्याचे मात्र कारण नाही. फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात १९०१ साली दाखल झालेल्या एका एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीची हकीकत आलोइस अल्झायमर याने १९०६ साली ट्यूबिंगेन येथील सभेत मांडली. त्या स्त्रीला स्वतःचे नावही पुरतेपणी लिहिता येत नव्हते. क्रेपेलिनने १९१० मध्ये आपल्या ग्रंथात या व्याधीला अल्झायमरचे नाव दिले. पण ते नाव दिले गेले ते ऐन वयात आलेल्या व्याधीला. सत्तरीच्या म्हाताऱ्याला तशीच लक्षणे दिसली तर ती वयाचीच, हा समज पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकून राहिला. न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी १९६८ साली वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि रॉबर्ट कॅट्झमन याने १९७६ मध्ये दोन्ही अवस्था एकाच व्याधीच्या आहेत असे आग्रहाने मांडले, तेव्हा कोठे हा समज मागे पडला. म्हणजे साठी बुद्धी नाठी ही म्हण जर्मन आणि इंग्रज वैद्यांनीही आपल्या परीने पाळलीच होती.

हाताला काम देऊन मन सावरावे ही कल्पना मात्र याहून जुनी. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूकने १७९६ साली उघडलेल्या आश्रयस्थानात मनोरुग्णांना साखळदंडाऐवजी शिवण, बागकाम आणि घरकाम देण्यात येई. एकोणिसाव्या शतकात रस्किन आणि मॉरिस यांनी यंत्राच्या विरुद्ध हस्तकलेचा जो पक्ष मांडला त्याचा परिणाम या विचारावर झाला, आणि १९१७ साली अमेरिकेत व्यवसायोपचाराचा पुरस्कार करणारी संस्था स्थापन झाली. विणकाम, बुरूडकाम आणि लाकूडकाम ही या शास्त्राची आरंभीची साधने होत. महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांमुळे त्याला प्रतिष्ठा मिळाली. वृद्धांचा विचार त्यात फार उशिरा आला.

महाराष्ट्रात हे शास्त्र आणण्याचे श्रेय कमलाबाई निंबकर यांना आहे. एलिझाबेथ लंडी या नावाने अमेरिकेत जन्मलेल्या या बाई विवाहानंतर १९३० साली भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. भारतातील ती पहिली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या जागतिक संघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचे नाव आले. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही या शिक्षणाची सोय झाली, आणि विदर्भाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. (फलटण येथे कमलाबाईंच्या नावाने जी शाळा चालते ती मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी उभी केली, हा योगायोग भाषेच्या अभ्यासकांना रुचेल.)

नागपुरात याच्या कितीतरी आधी, १८६४ पासून, मनोरुग्णालय होते. वऱ्हाडातल्या ज्या म्हाताऱ्यांना घरी ठेवणे अशक्य झाले त्यांच्यासाठी तो एक शासकीय मार्ग होता. अशा इंग्रजी अमदानीतल्या आश्रयस्थानांत रुग्णांकडून विणकाम, शेती, दळण करून घेत. पण त्या कामात उपचार किती आणि संस्थेचा खर्च भागविण्याची सोय किती, याचा निवाडा करताना दुसऱ्या पारड्याकडे कल जातो. रुग्णाला काय येत होते हे विचारून काम दिले जात नसे. संस्थेला काय हवे ते दिले जाई. शिवाय बुलढाण्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. जळगाव जामोद किंवा लोणार येथील कुटुंबाने आपला म्हातारा तेथवर न्यावा ही अपेक्षा तेव्हाही अवास्तव होती. यास्तव या जिल्ह्यातील वार्धक्याचा इतिहास रुग्णालयाच्या दप्तरात शोधून सापडणार नाही. तो घराच्या ओसरीवरच शोधावा लागेल.

बुलढाणा जिल्हा हा कापसाचा मुलूख. खामगावची बाजारपेठ एवढी मोठी होती, की केवळ तिच्यासाठी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा घालण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते तो खुला झाला. गाठी बांधून कापूस मुंबईकडे आणि तेथून विलायतेकडे जाऊ लागला तशी घरोघरची सूतकताई मागे पडली, हे अर्थशास्त्राचे अभ्यासक सांगतातच. पण कापूस हातातून सर्वस्वी गेला नाही. देवापुढच्या वातीसाठी तो राहिला. मूठभर कापूस घ्यावा, बोटांनी चाचपून सरकी काढावी, तंतू मोकळे करावेत, आणि बोटांना किंचित दूध अथवा राख लावून तळहातावर वात वळावी; हे काम घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीचे. चातुर्मासात लक्षवातींचा नेम धरला म्हणजे महिनोन्‌महिने ते चाले. या कामाला दृष्टी फारशी लागत नाही, आजचा वार माहीत असावा लागत नाही, चुकलेली वात पुन्हा वळता येते, आणि बिघडली तरी नुकसान कापसाच्या एका बोंडापुरते. व्यवसायोपचाराच्या तज्ज्ञाने योजून ठरवावेत तसे हे सर्व गुण त्यात आपोआप आले आहेत. त्याहून महत्त्वाचे असे, की वात ही घराला लागणारी वस्तू आहे. वाती वळीत बसलेल्या आजीला 'रिकामी' असे कोणी म्हणत नाही.

गोधडीचे तसेच. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक घालून त्यांवर धावदोऱ्याचे टाके घालीत जाणे हे बुलढाण्यातच होते असे नाही. साऱ्या महाराष्ट्रात ते होते, आणि बंगालच्या कांथेशी त्याचे नाते उघड आहे. स्मृतीच्या दृष्टीने तिचा विशेष असा, की गोधडीतला प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी अंगावरचा असतो. हे सुनेचे पातळ, हा नातवाचा अंगरखा, हे आईचे लुगडे. नाव आठवले नाही तरी बोट त्या कापडावर थांबते. आज पाश्चात्त्य देशांतील शुश्रूषागृहांत स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या हाती निरनिराळ्या पोतांच्या कापडांचे, गुंड्या आणि फिती लावलेले हातमोजे देतात. ते नवे साधन म्हणून दाखविले जाते. वऱ्हाडातल्या म्हातारीच्या अंगावर ते साधन रात्रभर असे.

पुरुषांच्या वाट्याला अंबाडी येई. अंबाडी भिजवून तिचा वाख काढावा, तो मांडीवर पीळ देत वळावा, आणि दावी, कासरे, चऱ्हाटे करावीत, हे काम शेतातून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याचे. याखेरीज शेंगा फोडणे, डाळ निवडणे, बोटवे आणि शेवया वळणे, पोळ्याला मातीचे बैल करणे, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींच्या भुलाबाईसाठी बसणे. वर्षाच्या प्रत्येक ऋतूत वृद्धांच्या हातांना काही ना काही होतेच.

तथापि हे चित्र रंगवून पाहण्यात धोका आहे. जात्यावर दळणे ही कला नव्हती, ती वेठ होती. पहाटे उठून ती करणाऱ्या स्त्रियांना कोणी तिचा पर्याय विचारला नव्हता. आणि हात चालेनासे झाल्यावर त्याच घरात त्याच म्हातारीच्या वाट्याला कोपऱ्यातली वाकळ येई, हेही खरे. काम करते तोवरच तिला मान. हा न्याय कठोर होता. म्हणून जुनी गृहव्यवस्था स्मृतिभ्रंशावरील उपचारपद्धती होती असे म्हणता येणार नाही. तिने उपचाराची सामग्री मागे ठेवली, एवढेच म्हणता येईल.

ही सामग्री उपयोगी का पडते? बुद्धीत साठलेली माहिती आणि हातात मुरलेली करणी यांची स्थाने मेंदूत निराळी आहेत, हे ब्रेंडा मिल्नर हिने १९६२ साली एका रुग्णाच्या आधारे दाखविले. शस्त्रक्रियेनंतर नवी कोणतीच घटना ध्यानात न राहणारा तो मनुष्य आरशात पाहून रेखाचित्र गिरविण्याची करणी दिवसेंदिवस अधिक सफाईने करू लागला. आणि आपण हे पूर्वी कधी केले आहे याची मात्र त्याला दाद नसे. अल्झायमरची व्याधी ही त्याहून निराळी, आणि अखेरीस ती हातांवरही येते. गुंडी लावणेही सुटते. पण वर्षानुवर्षे केलेली करणी ही नुकत्याच ऐकलेल्या गोष्टीच्या पुष्कळ नंतर जाते. मधल्या काळात हातांना पुष्कळ काही येत असते. मात्र कला शिकविल्याने व्याधी मागे हटते असा दावा कोणी करील तर तो तपासून घ्यावा. कोक्रेन संस्थेने २०१८ साली चित्रकलोपचाराच्या चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणाऱ्या चाचण्या दोनच निघाल्या, आणि त्यांतील रुग्ण अवघे साठ. त्यावरून निश्चित निष्कर्ष निघाला नाही. व्याधी हटणे ही एक गोष्ट आणि दिवस बरा जाणे ही दुसरी. हस्तव्यवसायाचे क्षेत्र दुसऱ्या गोष्टीचे आहे.

येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विचारपूर्वक रचलेले वाक्य आणि आपोआप तोंडून निघणारे वचन यांत भेद केला. मेंदूला इजा झालेल्या मनुष्याचे पहिले जाते, दुसरे पुष्कळदा राहते. स्मृतिभ्रंशातही वस्तूंची आणि माणसांची नावे लवकर सुटतात. पण रामराम, शिव्या, म्हणी, हरिपाठ, उखाणे ही ठरीव बोली दीर्घकाळ टिकते. नवऱ्याचे नाव एरवी न आठवणारी म्हातारी उखाण्याच्या ओघात ते घेऊन जाते, यात चमत्कार काही नाही. नाव तेथे शब्द म्हणून राहिलेले नसून लयीचा भाग झालेले असते. मराठीत हे तत्त्व फार पूर्वीच एका म्हणीने सांगून ठेवले आहे: जात्यावर बसले की ओवी सुचते. या म्हणीचा अर्थ सामान्यतः 'कामाला लागले की मार्ग सापडतो' असा करतात. पण तिचा वाच्यार्थच अधिक अचूक आहे. ओवी खुंट्याच्या फेऱ्यात असते. फेरा थांबला की ती थांबते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांकडून ज्या ओव्या जमविल्या त्यांची संख्या लाखाहून अधिक आहे. तोपर्यंत पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या होत्या. लोकसाहित्याचा अभ्यासक ओवी टिपून घेतो आणि हाताच्या हालचालीची नोंद करीत नाही. व्यवसायोपचाराचा विद्यार्थी हालचाल टिपतो आणि ओवी सोडून देतो. या दोन शास्त्रांनी एकमेकांची टिपणे पाहिली असती तर दोहोंचे काम सोपे झाले असते.

स्मृती समूहाने राखावी याचे एक थोर उदाहरण याच प्रदेशात आहे, ते प्रसंगाने नमूद करावेसे वाटते. श्रीचक्रधरांच्या लीळांपैकी काही लोणारला घडल्या. त्यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी शिष्यांकडे हिंडून, ज्याला जे आठवले ते विचारून, लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ ग्रंथ गेला तेव्हा महानुभावांनी तो पुन्हा स्मरणातून उभा केला. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही, तर एकाला खोटे ठरवून त्यांनी पाठ निकालात काढला नाही. भिन्न आठवण 'वासना' म्हणून शेजारी नोंदविली. या ग्रंथाचे विख्यात संपादक डॉ. वि. भि. कोलते हे बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे. आठवणीतल्या विसंगतीला ग्रंथात जागा देणारी ही पद्धत म्हाताऱ्या माणसाशी बोलताना किती उपयोगाची आहे, हे सांगावयास नको. अमेरिकेत ॲन बास्टिंग हिने १९९८ पासून स्मृतिभ्रंश झालेल्यांकडून आठवण न मागता चित्र दाखवून गोष्ट रचून घेण्याचा उपक्रम चालविला. त्यात जो जे बोलेल ते लिहून घेतात, दुरुस्त करीत नाहीत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या मराठी चित्रपटातही हेच दिसते. संस्कृताचे निवृत्त प्राध्यापक हत्तीच्या मागे जातात, आणि त्यांना सांभाळते ती माहुताची कानडी बोलणारी बायको. दोघांची भाषा एक नाही. तिला त्यांची विद्या माहीत नाही. म्हणूनच ती त्यांच्या चुका काढीत नाही.

शास्त्रीय निदानात मात्र चूक काढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेथे भाषेची अडचण येते. निरक्षर खेडुतांवर इंग्रजी चाचणी लादणे निरर्थक आहे हे ओळखून मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगढ भागासाठी १९९५ साली हिंदी चाचणी सिद्ध केली. लेखन-वाचनावर आधारलेले प्रश्न त्यात बदलले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे जो चाचणीसंच प्रसिद्ध केला तो आरंभी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत. मराठी त्यात नव्हती. मराठीत चाचणी केली तरी कोणत्या मराठीत? ग्रिअर्सनच्या पाहणीच्या १९०५ मधील सातव्या खंडात वऱ्हाडीचा विचार स्वतंत्रपणे आला आहे. 'डोळा' या शब्दाचा उच्चार 'डोया' करणारी म्हातारी चित्र पाहून योग्य तेच नाव घेते. परीक्षक पुण्याचा असेल तर ते त्याला चुकीचे वाटण्याचा संभव आहे. मलकापूर-नांदुऱ्याकडे खानदेशीची छाया, देऊळगाव राजाकडे मराठवाड्याची. एका जिल्ह्यात एक शब्दसूची पुरणार नाही.

हा प्रश्न थोड्यांचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने भारतातील साठीवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष व्यक्ती, असे ठरविले. आणि हे प्रमाण पुरुषांहून स्त्रियांत, शहरांहून खेड्यांत अधिक आढळले. ज्यांचे हात सर्वाधिक जाणते त्यांच्यातच ही व्याधी अधिक आहे. त्यांच्यापुढे मुलांच्या रंगवहीतली फुलपाखरे ठेवणे हा आज सोपा मार्ग झाला आहे. जन्मात कधी रंगपेटी न धरलेल्या सत्तर वर्षांच्या शेतकरणीला त्यात आपली गणना बालकांत झाल्याचेच कळते. नाव विसरले तरी अपमान कळतो. तिच्यापुढे सूप आणि मूठभर तूर ठेवली तर ती काय करावयाचे ते विचारीत नाही.

पण हेही फार काळ चालणार नाही. जिल्ह्यात कापसाची पुष्कळ जमीन सोयाबीनखाली गेली आहे, आणि सोयाबीनची मळणी यंत्र करते. दावी नायलॉनची, वाती पुडीतल्या, शेवया यंत्रावरच्या. आज पन्नाशीत असलेल्या स्त्रीच्या हातांत जाते नाही. शिवणयंत्राचे पायडल, चुलीची फुंकणी, कापूस वेचण्याची चपळाई ही तिची करणी. विशीतल्या मुलीची आणखी निराळी. तेव्हा एका पिढीसाठी केलेली सामग्री दुसरीला लागू पडेलच असे नाही, आणि ती प्रत्येक वेळी नव्याने जमवावी लागेल. भाषाविभागातील विद्यार्थी बोलींच्या पाहणीसाठी मेहकर-चिखलीकडे जातात तेव्हा शब्दसूचीत नामांचा भरणा असतो. त्याच बैठकीत वळणे, पिंजणे, पाखडणे, ओवणे, पीळ देणे या क्रियापदांची, त्यांबरोबर होणाऱ्या हातांच्या हालचालींची आणि तोंडी येणाऱ्या वचनांची नोंद तालुकावार करता येईल. अशी नोंद करताना निवेदकाचे वय, त्याने ते काम किती वर्षे केले आणि कोणत्या वयात सोडले, हे तीन रकाने अवश्य ठेवावेत.